रेझिस्टरवरचा तपकिरी पट्टा

मंडळी, आज मी सख्ख्या भावाचं नाक फोडलं.

वडिलांनी तरुणपणी घरी जोडायच्या कॉम्प्युटरचा संच घेतला होता. तो कधी जोडलाच नाही. आज सांगवीच्या घरी मी आणि धाकटा संदीप तो खोका उघडून बसलो. रेझिस्टर नावाच्या बारक्या भागांची किंमत त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळते; ते रंग मी सांगायचे, त्याने लिहून घ्यायचे.

"दादा, हा लाल नाही, तपकिरी आहे." दोनदा, तीनदा. मग हळूच म्हणाला, "तुला रंग कळत नाहीत का रे?"

मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याने कॉलर धरली, मी त्याला कपाटावर आपटलं. सोडवायला आलेल्या वडिलांनाही ढकललं. संदीपच्या नाकातलं रक्त खोक्यात सांडलं. रक्त लाल असतं हे मला माहीत आहे, दिसत नाही.

नाक दाबून संदीप एवढंच म्हणाला, "दादा, तू चाकणला गाड्यांच्या वायरी तपासतोस ना?"

व्हय, तपासतो. बारा वर्षं. कुठली वायर कुठे बसते ते पाठ करून ठेवलंय, रंग बघतच नाही. एखादी चुकीच्या जागी बसली असेल, तर ती मी तशीच पास केली असणार.

उद्या पहिल्या शिफ्टला सुपरवायझरला सगळं सांगणार आहे.

तुमच्यातलं कोण माझ्या हातून गेलेली गाडी चालवतंय?