कातरणीच्या दिवशीची गारपीट

हल्ली वळवाच्या गारा पडल्या की दहा मिनिटांत माझ्या मोबाइलवर पाच-सहा फोटो येऊन पडतात. कुणाच्या तळहातावर गार, कुणाच्या गाडीची फुटलेली काच, आणि खाली जोडलेल्या हातांच्या चित्रासकट एक ओळ, ‘हवामान बदलतंय, सावध व्हा.’ पाठवणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. मला त्यांचा राग येतो. मी प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून पाठवतो, ‘पडायच्या आधी कुणाला जाऊन सांगितलंस का?’ सर म्हातारे झाले, काहीही विचारतात, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

नव्वदच्या दशकात हे खूळ आष्ट्यात एकट्या माझ्या डोक्यात होतं. मी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. आमचं घराणं पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, मेंढरं राखणारं. वडील लवकर गेले. मग थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, काठी हातात घेतली आणि मला साताऱ्याला वसतिगृहात ठेवून शिकवलं. दरवर्षी चार मेंढे बाजारात गेले की माझं एक वर्ष पुढं सरकायचं. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. मीही उपकार विसरल्याचं कधी दाखवलं नाही, पण मनातून मला त्याची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी तो खांद्यावर घोंगडं टाकून उभा राहिला की मी त्याला घाईघाईनं मागच्या गल्लीत चहाला न्यायचो. त्याच्याशी बोलताना मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचो. त्याला ते कळायचं. तो मला नावानं हाक मारायचा बंद झाला आणि ‘मास्तर’ म्हणायला लागला.

वाचनालयातल्या रद्दीतून मी पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या कापून आणायचो आणि एका जुन्या वहीत चिकटवायचो. त्याच वहीत माझ्या नोंदी असत. शिरवळकडं वादळात कुठल्याशा शेडचे पत्रे उडाले, लिहिलं. पूर्वेला दोन वर्षं ढग नुसते तोंड दाखवून गेले, लिहिलं. द्राक्षाच्या बागा गारांनी झोडपल्या, तेही लिहिलं. शिक्षकांच्या खोलीत मला ‘प्रलयमास्तर’ म्हणत. एक सहकारी तर रोज सकाळी विचारायचा, ‘काय हो, आज जग बुडणार असेल तर डबा आत्ताच खाऊन घेऊ का?’ सगळे खो खो हसायचे आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एका गारपिटीनं पृथ्वी तापल्याचं सिद्ध होत नाही, एवढं मला आज कळतं. तेव्हा मला प्रत्येक गार म्हणजे सही-शिक्क्याचा पुरावा वाटायची. आणि पुरावा मिळाला की मला दुःख होत नसे, मजा वाटायची. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

दादाची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेकडं, आष्ट्याच्या नदीकाठच्या भागात यायची. इथले बागायतदार रिकाम्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मेंढरांच्या लेंड्यांचं खत रानाला, आणि धान्य आमच्या माणसांना, असा जुना व्यवहार. होळी झाली, ऊन तापायला लागलं की परतीच्या वाटेला लागण्याआधी कातरणी व्हायची. आदल्या दिवशी मेंढरं नदीत धुवायची आणि रविवारी, म्हणजे देवाच्या वारी, अंगावरची लोकर कातरून काढायची. आजूबाजूला मुक्कामाला असलेल्या तळांवरचे लोक आपापली कातर घेऊन मदतीला यायचे, जेवून जायचे. आमच्या घराण्याचा एक नियम होता. पहिल्या मेंढ्याला कातर लागली की शेवटची मेंढी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. अर्धा कळप कातरलेला आणि अर्धा तसाच, असं देवापुढं ठेवायचं नाही.

एका वर्षी मी दादाला म्हणालो, कातरणी महिनाभर पुढं ढकल. वळीव आता लवकर, ऐन कातरणीच्या वेळेला यायला लागलाय, गारा घेऊन यायला लागलाय. उघड्या रानात कातरलेली मेंढरं सापडली तर गारठून मरतील. सगळं पुस्तकी भाषेत, हातवारे करून सांगितलं. वहीसुद्धा दाखवली, जणू त्याला वाचता येत होतं. दादानं वही उलटीपालटी केली आणि परत दिली.

‘तू शिकल्याला हाईस,’ तो म्हणाला. ‘म्हंतोस तर थांबू.’

तो थांबला, आणि त्या वर्षी आकाशात चिंधीएवढा ढग आला नाही. ऊन मात्र असं पडलं की मेंढरं सकाळी नऊलाच एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून धापा टाकायची. लोकरीत गोचिडांनी घर केलं. निम्म्या कळपाला खरूज झाली. कुसळं रुतून लोकरीचा नुसता गोळा झाला, आणि घोंगडी विणणाऱ्यानं ती हातात घेऊन परत खाली टाकली. शेजारच्या तळांवर दादाच्या कळपाला ‘मास्तराची मेंढरं’ असं नाव पडलं.

दादानं ते सगळं गिळलं आणि जत्रेत ओकलं. देवळापुढं भावकी बसली होती. कुणीतरी मला चेष्टेनं विचारलं, ‘काय मास्तर, औंदा पाऊस कवा?’ मी तोंड उघडायच्या आधीच दादा बोलला.

‘त्याला काय इचारता? कावळा बसाया आन फांदी तुटाया, असली त्याची इद्या. आभाळ वाचायचं तर मेंढरामागं चालावं लागतंय गड्या. पेपर वाचून आभाळ कळत न्हाई.’

माणसं हसली. म्हातारी माणसं, माझ्या चुलत्याच्या वयाची, गुडघ्यावर थाप मारून हसली. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत त्याला ‘अडाणी’ म्हणालो. ज्यानं स्वतः न शिकता मला शिकवलं, त्याला. हसणं थांबलं. दादानं घोंगडं झटकलं आणि तो निघून गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी त्याचा तळ आष्ट्यापासून सायकलनं पाऊण तासावर पडला होता. चार-पाच महिन्यांत ना तो माझ्या घरी आला, ना मी तळावर गेलो. होळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी वहिनी आली. दारातच बसली, पाणी प्यायली.

‘येत्या ऐतवारी कातरणी हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी या.’

‘त्यानं बोलावलंय का?’

‘त्ये कशाला बोलिवत्यात? मी सांगाया आले. आवं, पाठचं भाऊ तुमी. किती दिस फुगून बसणार दोघंबी?’

मी बघतो म्हणालो. ‘बघतो’ म्हणजे येत नाही, हे तिला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं पदर सावरला आणि गेली.

रविवारी सकाळी दाढी करताना मी रेडिओ लावला होता. बातम्यांच्या शेवटी नेहमीचं वाक्य आलं, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस आणि गारपिटीची शक्यता. हे ‘तुरळक ठिकाणी’ ऐकून सगळे हसायचे, पण मी दाढीचा साबण तसाच ठेवून अंगणात आलो. वारा पडला होता. सकाळी आठलाच अंगाला सदरा चिकटत होता. दक्षिणेला, पार खाली, पांढुरका ढग डोकं वर काढत होता. मी इतकी वर्षं नोंदी ठेवल्या होत्या. त्यातल्या चार-पाच गारपिटींची सकाळ मी अशीच लिहून ठेवली होती. आज येणार, हे मला कळलं, दादाला आपल्या मेंढीचं वेत जवळ आलेलं कळावं तसं.

मी सायकल बाहेर काढली. फाटकाबाहेर रस्त्यावर आणली. एक पाय पायडलवर ठेवला आणि माझ्यापुढं ते देवळापुढचं हसणं आलं. जाऊन काय सांगणार? ‘दादा, आज कातरू नकोस’? सगळे तळ जमलेले असणार, हातात कातरी असणार. आणि ढग नाही आला तर जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे एक झालं. दुसरं कारण याहून वाईट होतं. ढग यावा असं मला वाटत होतं. एकदा यावा, चांगला यावा आणि त्याच्या डोक्यावर पडावा, म्हणजे पेपर वाचून आभाळ कळतं की नाही ते त्याला कळेल.

मी सायकल आत आणली, भिंतीला टेकवली. वही काढली आणि ढगाची वेळ आणि दिशा लिहिली.

दुपारी साडेतीनला अंधारून आलं. आधी वाऱ्यानं धुळीचा लोट आणला, मग पत्र्यावर दगड मारल्यासारखा आवाज सुरू झाला. गारा लिंबाएवढ्या होत्या. मी डोक्यावर पाट धरून अंगणात गेलो, वाटीत गारा गोळा केल्या आणि शाळेच्या फूटपट्टीनं मोजल्या. प्रत्येक गार वितळायच्या आत मोजता यावी म्हणून घाई करत होतो. हात बधिर झाले होते आणि मी खूश होतो. गारांमागून पाऊस लागला, थंड, तिरपा, आणि तो दीड तास हलला नाही. अंगात स्वेटर घालावा लागला, हेही मी लिहिलं. स्वेटर घालताना मला पहिल्यांदा मेंढरं आठवली. म्हणजे दिवसभर डोक्यात होती ती दादाची हार होती. मेंढरं तेव्हा आठवली.

पाऊस उघडल्यावर मी निघालो. रस्त्यावर फांद्या आणि गारांचा चिखल, सायकल निम्मी वाट हातात धरूनच न्यावी लागली. तळावर पोचलो तेव्हा उजेड होता, आणि नसता तर बरं झालं असतं.

कातरणी पूर्ण झाली होती. निम्मा कळप झाला असताना दादाला ढग दिसला होता. मदतीला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला होता, थांबू या, राहिलेली मेंढरं लोकरीसकट राहू देत. दादानं नियम मोडला नाही. उलट हात उरकायला लावला, शेवटची मेंढी सोडली आणि दहा मिनिटांत गारा आल्या. हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त दिसलं ते असं, की उघड्या रानात नागडी, कातडीला सुरकुत्या पडलेली मेंढरं एकमेकांवर चढून ढीग करून पडली होती. वरची थरथरत होती, खालची हलत नव्हती. त्यांच्यावर घोंगडी, तंबूचं पाल, वाकळा, वहिनीची दोन्ही लुगडी, जे होतं ते सगळं टाकलं होतं आणि सगळं भिजून निथळत होतं. पलीकडं कातरलेल्या लोकरीचा ढीग होता. तोही भिजला होता.

वहिनी कोकरांना बांबूच्या डालग्याखाली कोंबत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दादा चिखलात बसला होता, मांडीवर एक मेंढी होती आणि तो तिला पोत्यानं घासत होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यातून रक्त येऊन कानामागं सुकलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. पोतं उचलून दुसरी मेंढी घासायला घ्यायची, तर मी म्हणालो,

‘मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं.’

त्यानं मान वर केली. माझ्या अंगातल्या स्वेटरकडं बघितलं.

‘गेल्या वर्साचं ऱ्हाऊ दे,’ तो म्हणाला. ‘आज येणार, ह्ये तुला ठावं हुतं का?’

नाही म्हणायला माझी जीभ झडली नसती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर मला येत होतं. आणि मी वर्गातल्या हुशार पोरासारखं ते देऊन टाकलं.

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘सकाळीच कळलं होतं. रेडिओवरही सांगितलं होतं.’

वहिनीचे हात थांबले. दादाच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येत होतं. तो माझ्या पाठीमागं, बांधाला टेकवलेल्या सायकलीकडं बघत होता.

‘सायकल पंक्चर हुती व्हय रं?’ त्यानं विचारलं.

त्यानं खरंच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्यानं ते मानलं असतं, आणि मला वाटतं, ते मानता यावं अशीच त्याची इच्छा होती.

‘नाही,’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि मांडीवरच्या मेंढीला पुन्हा पोत्यानं घासायला लागला. ती कधीच मेली होती, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. तो घासत राहिला आणि मी उभा राहिलो.