मिठाला बोलावणं

"भाकरीचा तुकडा दे गं एक. शिळ्या भाकरीचा. ताजी नको."

परातीच्या कडेला उकिडवं बसून अक्का डावा तळहात पुढे करायची. त्यावर कुणीतरी भाकरीचा तुकडा ठेवायचं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती परातीतली चटणी हरभऱ्याएवढी उचलायची, तुकड्यावर दाबायची, तोंडात टाकायची आणि वर आढ्याकडे बघत बसायची. परातीभोवतीच्या चार-पाच बायका, कोपरापर्यंत तिखटाने माखलेल्या, तोवर गप्प. मग अक्का एक तर "आणि एक मूठ" म्हणायची, नाही तर "साकु". साकु म्हणजे कानडीत पुरे. साकु झालं की बरणी भरायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या घराला चटणीचा घोर नसायचा.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन कुरुंदवाडच्या अलीकडच्या आमच्या गावात आले आणि तिथल्याच शाळेत नोकरीला लागले. पहिल्याच मे महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "अक्काच्यात जा आणि मिठाला बोलावून ये." मला वाटलं मीठ संपलंय. मी वाटी घेऊन गेले. अक्काने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी माझ्याच हातात ठेवून माझ्यापुढे चालू लागली. तासाभराने ती परातीपाशी "साकु" म्हणाली तेव्हा मी आत जाऊन साखरेचा डबा आणला. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अक्का म्हणाली, "मास्तरीण हाय न्हवं तू? मग पोरांचं कसं व्हायचं?"

आमच्याकडे चटणी म्हणतात ती ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. ती वर्षाचं तिखट. देठ खुडून, पत्र्यावर वाळवून मिरच्या डंकावर कुटून आणायच्या; खोबरं, तीळ, धणे भाजायचे; कांदा तेलात तांबूस करायचा; लसूण आणि कोथिंबीर वाटायची आणि सगळं परातीत मळायचं. त्या दिवसांत अख्खी गल्ली शिंकत असे. मीठ शेवटी. ते कमी पडलं तर आषाढात बरणीवर पांढरी साय धरते, जास्त पडलं तर वर्षभर कालवण जेवणारा प्रत्येक जण बोलून दाखवतो. म्हणून मीठ कुणी आपल्या हाताने घालत नसे. अक्काला बोलावणं जाई.

गल्लीत तिच्याहून वयाने मोठ्या बायका होत्या, आणि घराण्याने तर सगळ्याच मोठ्या. अक्काचा नवरा नदीवरच्या पाण्याच्या इंजिनावर कामाला. ती चौदाव्या वर्षी सीमेपलीकडून इथे आली, मराठीचा एक शब्द येत नसताना. "म्हैस आला, नवरा गेली" असं ती बोलायची आणि पाणवठ्यावर बायका तिची नक्कल करायच्या. एका उन्हाळ्यात तिने सासूच्या चटणीला मीठ कमी आहे असं कसंबसं सांगितलं. सासूने ऐकलं नाही. पावसाळ्यात बरणी उकिरड्यावर गेली. पुढच्या वर्षी सासूने तिला विचारून मीठ घातलं, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारणीने विचारलं, आणि असं करत करत गल्ली झाली. उन्हाळ्याचा दीड महिना तिला दारोदार बोलावणं असे. बाकीचे साडेदहा महिने ती कानडीणच.

प्रत्येक घरातून तिला वाटीभर चटणी मिळायची. ती सगळ्या वाट्या एकाच बरणीत ओतायची. "सगळ्या गल्लीची भांडणं एका जागी," म्हणायची.

तिचं परसही तिच्यासारखंच. न्हाणीच्या सांडपाण्यावर वांगी, दोडका, काकडीचे वेल. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की दिवस उगवायच्या आत नदीवरून दोन घागरी जास्तीच्या आणून वेलांना घालायची. काकडी तोडली की जागेवर देठाकडचा तुकडा चावून बघायची. "ही म्हशीला. ही बाईला." बाई म्हणजे मी. अशा माणसांचा निवाडा आपण तपासत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. तिने दिलेली काकडी मी कधी चाखून चिरली नाही.

एका थंडीत तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा केस विरळ झालेले आणि पोलकं अंगावर लोंबणारं. चैत्रात तिने मला चार काकड्या पाठवल्या. त्यातल्या तीन कडूजहर. ऊन कडक आहे, वेलाला पाणी कमी पडलं असेल, असं मी म्हटलं आणि टाकून दिल्या.

मग चटणीचे दिवस आले. पहिल्याच घरी अक्काने तळहात पुढे केला नाही. "आज उपास हाय," म्हणाली. "तूच बघ गं." घरातल्या सुनेने चाखलं, अक्काने मीठ घातलं, साकु झालं. तो सोमवार होता, ठीक. पण मंगळवारीही उपास. शुक्रवारीही. आमच्या घरी आली त्या दिवशी शनिवार होता.

"अक्का, आज कसला उपास?"

"देवाचा."

"कुठल्या देवाचा?"

"हाय एक. तुला ठाव न्हाय. कर्नाटकातला हाय."

सगळ्या हसल्या. मी चाखलं. चाखताना माझ्या लक्षात आलं की अक्का परातीकडे बघतच नाहीये. ती माझ्या तोंडाकडे बघतेय, भुवया, ओठ, गिळताना हलणारा गळा. गृहपाठ न केलेली मुलं शेजाऱ्याच्या पाटीकडे बघतात ना, तसं. शाळेत मी दिवसभर तेच पकडत असे.

चौथ्या दिवशी ती सहज म्हणून आली. मी चहा केला आणि तिच्या कपात साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं. असा प्रयोग माणसावर करू नये हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त खात्री करून घ्यायची होती. अक्काने बशीत ओतला, फुंकर मारली, अर्धा प्याली आणि म्हणाली, "झ्याक झालाय."

माझं तोंड मला सावरता आलं नाही. आणि तोंडं वाचण्यात ती आता तयार झाली होती. बशी खाली ठेवली.

"काय घातलंस?"

"मीठ."

ती कपाच्या कानाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "तिखट कळतंय. तिखट काय, अंगालाबी कळतंय. मीठ गेलं. गोड गेलं. भाकरी खातो ते माती खाल्ल्यावाणी. डाक्टर म्हणाला, जिवावरचं जिभंवर गेलं, गप ऱ्हावा."

मी म्हटलं, सांगून टाक. त्यात काय लाज? ती म्हणाली, "मिठाला कोण बोलवंल मग मला?"

मी उपाय सुचवला. एवढ्या मिरचीला एवढं मीठ, मापच ठरवून टाकू, मी कागदावर लिहून देते. अक्काने माझी कीव केली. "मिरची दरसाल येगळी, कांदा येगळा, मीठबी येगळं. मापानं तू शाळा चालीव." आणि उठताना, "कुणाला सांगू नको, बाई." मी नाही सांगितलं.

कोपऱ्यावरच्या घराला आम्ही सगळे मामींचं घर म्हणत असू. सगळ्यांत मोठं खटलं, सगळ्यांत मोठी बरणी. त्या वर्षी मुरगूडची नवी सून आली होती, लग्नाला सहा आठवडे. अक्काने नेहमीसारखं म्हटलं, "उपास हाय, तू बघ गं पोरी." पोरीने नाकापर्यंत ओढलेल्या पदराआडच चाखलं. मामी डोक्यावर उभ्या. "बरं हाय," पदरातून आवाज आला. अक्काने तोंड वाचायचा प्रयत्न केला असणार, पण वाचायला तोंड दिसायला तर पाहिजे. "साकु," ती म्हणाली.

आषाढात मामींनी बरणी उघडली आणि चटणीवर दोन बोटं बुरशी.

पाणवठ्यावर सगळ्या गल्लीदेखत मामींनी तोंड सोडलं. "वर्सभर काय राख खायाची व्हय आमी? उपास कसलं करत्यास गं कानडे? दुसऱ्याची बरणी नासायचं?" अक्काची घागर निम्मी भरली होती. तशीच उचलून ती गेली. मी बादली घेऊन तिथेच होते. मी गप्प राहिले. तिला शब्द दिला होता हे एक कारण. मामींच्या तोंडी लागायची माझी तयारी नव्हती हे दुसरं, आणि खरं तेच.

पुढच्या उन्हाळ्यात पत्र्यापत्र्यावर मिरच्या पडल्या, डंकावर खेपा सुरू झाल्या, पण मिठाला बोलावणं कुणी धाडेना. आमच्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "मामी काय करत्यात बघू." जो तो मामींकडे बघत होता. अक्का रोज सकाळी डोक्यावरून न्हायची, चटणीच्या दिवसांतली तिची ठेवणीतली हिरवी साडी नेसायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची. हातात काहीतरी काम असायचं, घेवड्याच्या शेंगा नाही तर वाकळेला टाके घालणं. दहा दिवस. मी शाळेला सुट्टी असल्यामुळे जाता-येता बघत होते. अकराव्या दिवशी मामींच्यात परात बसली आणि आम्हा चौघींना मळायला बोलावणं आलं.

कांदा पडला, लसूण पडला. मीठ कुणी घालायचं याची कुजबुज चालली होती, तेवढ्यात दारात हिरवी साडी.

"कुणी बोलीवलं गं तुला?" मामी म्हणाल्या.

"कुणी न्हाय. आलो मी."

"गेल्या साली केलंस तेवढं साकु की!"

अक्का आत आली आणि परातीपाशी उकिडवी बसली. "मामी, माझी जीभ गेलीया. तापात गेली. उपास-बिपास कायबी नव्हता. लबाडी केलो मी."

कुणाचाच हात परातीत हलेना.

"हाताला मीठ कळतंय अजून. तोंडाला न्हाय. हात माझा घ्या, तोंड हिचं." तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेकडे मान वळवली. "गेल्या साली हिला कळलं हुतं. व्हय की न्हाय गं?"

सून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"बोल की!" मामी कडाडल्या. "तोंड हाय न्हवं?"

"कळलं हुतं," पदरातून आलं. "कमी हुतं."

"मग का न्हाई बोललीस?"

"तुमी हुबं हुता की तितं."

आमच्यातली एक फिस्सकन हसली आणि तिखटाचा हात तोंडावर दाबून बसली, मग तिची आग धुवायला धावाधाव. त्या गडबडीत मामींचाही राग जरा बाजूला सरकला. "आता बी हुबीच हाय मी," त्या म्हणाल्या. "बघ आता."

अक्का म्हणाली, "पदर खाली घे पोरी आधी. मला तोंड दिसू दे."

पदर खाली आला. सतरा-अठरा वर्षांची, गोल चेहऱ्याची मुलगी. तिने चाखलं. अक्काने मूठ टाकली.

"आता?"

"कमी."

"घाबरत सांगू नको. मामी खात न्हाईत तुला. आता?"

"अजून कमी हाय!" ही आरोळीच होती. स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. अक्काने अर्धी मूठ टाकली, मळली, परत चाखायला दिली. मुलीने वर आढ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बास. आता हात लावू नगा."

मामींनी स्वतः चाखलं आणि बरणी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशीपासून बोलावणं दोघींना जाऊ लागलं. सात-आठ उन्हाळे त्या तशाच जोडीने फिरल्या, हात एकीचा, तोंड दुसरीचं. प्रत्येक घराला एकाऐवजी दोन वाट्या द्याव्या लागतात म्हणून थोडी कुरकुर झाली, तेवढीच. मुरगूडच्या मुलीचा आवाज मात्र जो चढला तो उतरला नाही. आता मामीच तिच्यापुढे पदर घेतात असं गल्ली म्हणते.

पुढे नदीवर विजेच्या मोटारी आल्या. इंजिन बंद पडलं, त्याच वर्षी अक्काचा नवराही गेला. मुलगी सीमेपलीकडे दिली होती, ती येऊन आईला घेऊन गेली. जाताना अक्काने परसातली वांगी सगळी तोडून वाटली आणि एसटीत बसली. रडारड कुणी केली नाही. एसटी दोन तास उशिरा आली होती, सगळ्या कंटाळल्या होत्या.

दोन वर्षांनी मी तिकडे एका लग्नाला गेले होते, वाट वाकडी करून तिच्या मुलीच्या गावी उतरले. घर शोधत होते तेव्हा एका अंगणातून आवाज आला. सात-आठ बायका शेवया वळत बसल्या होत्या आणि मधोमध अक्का बोलत होती. कानडीत, भरभर, न थांबता. हातवारे करत कुणाची तरी नक्कल करत होती, आणि बायका शेवया टाकून हसत होत्या. मला एक शब्द कळला नाही. वीस वर्षं शेजार केला, तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे ती चार शब्द बोलायची, तेही तोलून.

तिची नजर माझ्यावर गेली. बोलणं थांबलं. उठून आली, माझा हात धरला आणि एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाली, "ये बाई. बस. पाणी देतो."

मी तासभर बसले. तिने सगळ्यांची चौकशी केली, मामींची सुद्धा. मग शेवटच्या एसटीची वेळ झाली. फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिथूनच वळली. मी कोपऱ्यापर्यंत पोचले नव्हते, तोवर मागे अंगणात पुन्हा तिचा तो भरधाव आवाज सुरू झाला होता. मी थोडा वेळ थांबून ऐकलं. मग एसटी चुकेल म्हणून निघाले.