शटरवरचं दुकान

माझी आत्या शिवणकाम करते. कारखाना बंद पडला, गल्लीतली माणसं पोटापाठी पांगली, एकेक दुकान बंद झालं. आत्याने आपलं सोडलं नाही. गिऱ्हाईक येवो न येवो, सकाळी शटर वर. दुपारी जेवून शटर पूर्ण खाली ओढायचं आणि आतच कापडाच्या गठ्ठ्यांवर घटकाभर पडायचं, ही तिची जुनी सवय. तेवढ्यात कुणी हाक मारलीच, तर मेले नाही अजून, थांबा जरा, म्हणून आतून ओरडायची.

मग शहराला संजीवनी देणारी योजना आली. सभेत आत्याने एकच मागणं मांडलं: गल्लीच्या तोंडाशी थांबणारी बस परत सुरू करा, गिऱ्हाईक आपोआप येईल. योजनेच्या साहेबांनी छान सूचना म्हणून मान डोलावली आणि रंगारी पाठवले. बंद शटरांवर उघडी दुकानं रंगवायची, म्हणजे गल्ली भरलेली दिसते! असली अक्कल घरची नसते, तिच्यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणावे लागतात. रंगारी नेमके दुपारी आले. आत्या उठून बाहेर आली, शटर परत खाली ओढून बघते तो त्यावर फुलांचं दुकान.

शटर वर केलं की चित्र गुंडाळलं जायचं, म्हणून साहेब तिच्यावरच चिडले. वरचे पाहुणे पाहणीला यायचे होते. त्या सकाळी शटर खाली नसेल तर परवान्याचं बघून घेऊ, असं त्यांनी बजावलं. चालतं दुकान बंद ठेवा, कारण रंगवलेलं उघडं दिसायला हवं! माझं टाळकंच सरकलं. पण परवाना गेला की दुकान गेलं. आत्याने मुकाट्याने शटर ओढलं आणि आत बसून मशीन चालू ठेवलं.

पाहुणे फुलांपुढे थबकले. हा आवाज कसला, त्यांनी विचारलं. मी तिथेच उभा होतो.

"जुन्या बाजाराचं वातावरण राहावं म्हणून आवाज लावलेत," साहेब म्हणाले.

मशीन थांबलं. शटर खडखडत वर गेलं. गळ्यात टेप, हातात कात्री, आत्या दारात उभी.

"आवाज लावलेला नाही, मी शिवतेय," ती म्हणाली. "आमची बस तेवढी सुरू करा."

पाहुण्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कौतुकाने साहेबांकडे वळले. "अगदी खरी वाटते हो. कुठल्या नाटक कंपनीतली?"

"इथलीच," साहेब म्हणाले, आणि त्यांना पुढच्या चित्राकडे घेऊन गेले.