बायकोच्या तोंडाचा साचा

सगळे त्याला कवळीमास्तर म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या तोंडाचे प्लॅस्टरचे साचे ओतायचे आणि त्यांवर दात बसवायचे, हे त्याचं काम. साच्यावरून बोट फिरवलं की हिरडी कुठे उतरलीय ते तो सांगे. वर फुशारकी मारी, "आमच्या घरी सगळ्यांचे दात पोलादी. माझं गिऱ्हाईक माझ्या घरात सापडायचं नाही."

त्यामुळे बायकोच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिला कोणत्या तोंडाने न्यायचं? त्याने चूळ भरायच्या औषधाची बाटली घरी आणली. रक्त थांबलं. बाटली संपली, रक्त पुन्हा आलं. त्याने दुसरी आणली. असं कितीतरी वर्षं चाललं. दात हलायला लागले तेव्हा "वय झालं की व्हायचंच," म्हणून त्याने वेळ मारून नेली.

शेवटी ती एकटीच दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसली. तपासून झाल्यावर बाई मागच्या खोलीत आल्या.

"काका, नुसत्या चुळांनी काय होणार? जंतू दातावर थर करून राहतात. औषधानं वरचे मरतात. आतले गपगार पडून राहतात, उपासमारीतही तग धरतात आणि चुळा थांबल्या की पुन्हा पसरतात. तो थर वेळीच खरवडून काढायला हवा होता. आता खालचं हाडच झिजलंय."

बाटल्या कोणी दिल्या ते बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दात काढावे लागले. जखमा भरल्यावर तिच्या तोंडाचा साचा त्याच्याच टेबलावर आला. झिजलेल्या कडेवरून बोट फिरवताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जीव ओतून कवळी केली.

ती लावून बायको घरी आरशासमोर उभी राहिली. "पुढचा दात वाकडा का बसवलात?"

"तुझा तसाच होता. किंचित डावीकडे कललेला."

ती आरशातूनच त्याच्याकडे बघत राहिली. "इतकं निरखून बघत होतात? मग हिरड्या उतरताना नाही दिसल्या?"

दिव्याखाली अंधार, असं काहीतरी म्हणून सुटता आलं असतं. पण त्याची जीभ रेटेना.

"दिसल्या होत्या," तो म्हणाला.