म्हसूचा तळहात

माझ्या धाकट्या भावाचा, म्हसूचा, खांदा पाच आठवडे निखळलेला होता आणि मी त्याला नाटक्या म्हणत होतो. हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

वैजापूरकडे आमची थोडी शेती आणि मेंढरं आहेत. विहिरीवरची मोटार चालू करताना म्हसूला शॉक बसला. तो पडला नाही, आकडी आल्यासारखा ताठला आणि उजवा खांदा धरून बसला. एक्स-रेत हाड जागेवर दिसलं. पुढे लोकर कातरायच्या दिवशी तो हात पोटाशी धरून बसलेला पाहून मी चार कातरणाऱ्यांसमोर म्हणालो, "करंट गेला, आळस तेवढा अंगात राहिला याच्या." सगळे हसले.

आईच्या आग्रहाने मी त्याला संभाजीनगरजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला नेलं. देवासमोर तरी याचं सोंग उघडं पडेल, हा माझा विचार. पुजाऱ्याने भंडारा द्यायला मूठ पुढे केली. म्हसूने हात पुढे केला, पण तळहात वर वळेना. भंडारा मनगटावरून सांडला आणि त्याचे डोळे भरून आले. आमच्यात सोंगाड्या माणूससुद्धा भंडारा असा खाली सांडू देणार नाही.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "दादा, यांना शॉक लागला होता का?" त्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. समोरून काढलेल्या फोटोत असा खांदा कधी कधी ठीक दिसतो, बगलेतून फोटो काढून घ्या, असं सांगून त्या दर्शनाला पुढे गेल्या. मी नावही विचारलं नाही.

बगलेतल्या फोटोत खांद्याचा गोळा मागे निसटून वाटीच्या कडेला अडकलेला दिसला. खांदा बहुतेक पुढे निखळतो, मागे क्वचितच, तेही बहुतेक शॉकने किंवा आकडीने, आणि मग तळहात वर वळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी खोदून खोदून विचारत राहिलो. त्यांनी मुठीचा गोळा आणि तळव्याची वाटी करून दाखवलं: वाटीच्या कडेने गोळ्याला खाच पडली होती. ऑपरेशनमध्ये गोळा वाटीत आणून, शेजारचा हाडाचा तुकडा स्नायूच्या दोरीसकट त्या खाचेत स्क्रूने बसवला.

हात अजून पाठीमागे पुरता जात नाही. पण तळहात वर वळतो. देवापुढे हात पसरणं आपल्या मर्जीचं असतं असं मला वाटायचं. तेही देवाच्याच मर्जीनं होतं.

पुढच्या कातरणीला तेच चौघं आले. म्हसूने कातर उचलली, तेव्हा मी त्यांच्यासमोरच म्हणालो, "म्हसू, तुझं दुखणं खरं व्हतं. खोटा मी ठरलो. चुकलं माझं, मला माफ कर."