कारणाचा रकाना

चंद्रप्रभाकाकूंना त्यांचा नवरा मारायचा, हे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. काकू म्हणायच्या, "जिन्यावरून पडले." आम्ही माना डोलवायचो. वैशाली वसाहतीत त्या अकराव्या मजल्यावर राहायच्या आणि लिफ्टने ये-जा करायच्या, तरी आमचं डोलावणं चालूच. आता स्वतःचीच लाज वाटते.

नोएडाच्या आमच्या संस्थेत त्या अठ्ठावीस वर्षं टेक्निशियन. मी क्षिप्रा, पीएचडी करणारी, आणि तोंडाची फटकळ. माझं काम यीस्टच्या म्हातारपणावर. पावात घालतात तेच यीस्ट. तीन फ्लास्कमध्ये सुरुवातीला एकदाच साखर द्यायची, ती दोन दिवसांत संपते, मग उपास. दर तीन दिवसांनी थेंबभर पेशी काढून, धुऊन, वाळवून इन्फ्रारेड यंत्रात ठेवायच्या. त्यांच्यातली चरबी, प्रथिनं, साठवलेली साखर, सगळ्यांचे उंचवटे आलेखावर उमटतात. काकू नुसता आलेख पाहून सांगायच्या, "ही अठरा दिवसांची आहे गं. थकली बिचारी."

उन्हाळ्यात फ्लास्कमधलं पाणी उडतं. रोज वजन करून तेवढंच पाणी घालायचं, हे काम काकूंचं. आणि रजिस्टरही त्यांचंच. पानांना नंबर, खाडाखोड बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, कारणाच्या रकान्यात खरं कारण, सही, तारीख. "खोटं बोलायचं तर घरी बोला," त्या आम्हाला दटावायच्या, "इथे नाही."

एकविसाव्या दिवशी आलेख बघून माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या पेशी चक्क तरुण झाल्या होत्या. आदल्या दिवशी तिन्ही फ्लास्कमध्ये पाण्याऐवजी साखरेचं पाणी गेलं होतं. फेलोशिप संपायला महिना उरला होता.

"काकू, आंधळ्या आहात का?" मी ओरडले.

त्यांनी काळा चष्मा काढला. डावा डोळा काळानिळा, सुजून पार मिटलेला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी पेन घेतलं. मला वाटलं, 'नजरचूक' लिहितील. सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी हिंदीत लिहिलं: 'परसों पति ने बाईं आँख पर घूँसा मारा. कल लेबल नहीं दिखा. पानी की जगह चीनी डाल दी.' खाली सही, तारीख.

आमचे गाईड नीरज सर शेपूटघालू. भानगड नको म्हणून त्यांनी काकूंच्या नवऱ्यालाच फोन लावला. दुपारी दिनकरराव आले. इस्त्रीचा शर्ट, गार्डलासुद्धा नमस्कार.

आत येताच दार लोटून म्हणाले, "पान फाड."

"पानांना नंबर आहेत," काकू म्हणाल्या.

त्यांनी काकूंचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. फ्लास्क फुटले, काचांवर रक्त सांडलं. काकू खाली पडल्या तर हा माणूस बरगड्यांत लाथा घालायला लागला. काकूंनी तोंड झाकलं नाही. दोन्ही हातांनी रजिस्टर पोटाशी धरलं होतं.

मी लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

पोलीस आले. कपाळाला पट्टी बांधलेल्या काकूंसमोर महिला हवालदार बसली. "लिखित में शिकायत दीजिए, आंटी."

काकूंनी रजिस्टर पुढे सरकवलं. तिने वाचलं. "पहले भी मारा है? कुछ सबूत?"

काकूंनी रजिस्टर परत ओढून घेतलं. मग त्यांनी पानं मागे उलटली. मार्चमध्ये एका दिवसाची नोंद राहिली होती. कारण: 'सीढ़ी से गिर गई.' काकूंनी त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी खरं कारण लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली. आणखी मागे, जानेवारी. पुन्हा रेघ.

"क्षिप्रा, कपाटातली जुनी रजिस्टरं काढ गं."

"कुठली, काकू?"

"सगळी."