भूक वाढवणारे डबे

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. वाशीमला आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, दवाखान्यात आया असलेल्या मावशी नसत्या, तर धाकट्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी पोचले नसते. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी कोल्हापूरकडची, सातवीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीपायी इतक्या लांब आलेली. त्या इथल्याच, भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेल्या घरातल्या. मला भाजीवालीशी बोलायचीही धास्ती, आणि निघाले होते धंदा करायला.

जाहिरात गुळाच्या पुडीच्या कागदावर होती. 'भगिनींनो, घरबसल्या कमवा. आरोग्य-चूर्ण विका. आपल्या वेलीखाली तीन भगिनी जोडा, त्या प्रत्येकी तीन जोडतील.' सातवीपर्यंतच्या गणितावर मी वेल वाढवून पाहिली. नवव्या फांदीला वाशीममधल्या बायका संपल्या. पुढच्या बायका मानोरा गावाहून आणाव्या लागणार होत्या. एवढीच काय ती अडचण दिसली. माहेरी जायचं भाडं डाळीच्या डब्यात जपलेलं होतं, ते कंपनीला मनिऑर्डरने पाठवून दिलं. नवऱ्याला बोलले नाही. दुप्पट झाल्यावर सांगणार होते.

चोवीस डबे आले, सोबत एक पत्रक. लग्न पंधरा दिवसांवर होतं.

पत्रकातलं सगळ्यात झोकदार वाक्य मी पाठ केलं. दुष्काळाचं वर्ष. संध्याकाळी गल्लीतल्या बायका खडी फोडून परतत होत्या. दारात उभी राहून, डोळे मिटून मी म्हटलं, "दोन चमचे घ्या, सपाटून भूक लागते!"

बायका थांबल्या.

"काय लागते म्हन्ते वं हे?"

"भूक."

"अवो बाई, ते त आमाले फुकटच लागून राह्यली."

"भूक मराची दवाई असंन त सांग माय, दोन डबे घेतो."

घाबरून मी पाठ केलेलं दुसरं वाक्यही टाकलं, "मग माझ्या वेलीखाली तरी या."

त्यांच्यातली म्हातारी टोपलं खाली ठेवून म्हणाली, "तुयाच वेलीले अजून फूल नाही आलं, आन आमाले कायले खाली घेतं?"

गल्ली हसली. मी दार लावून रडत बसले. आता लग्न कसलं आणि माहेर कसलं!

हसण्याचा आवाज ऐकून मावशी आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक डबा उघडला, बोट बुडवून चाटलं.

"पोरी, हे कायची दवाई? फुटान्याचं पीठ होय. इलायची टाकेल हाय."

"पत्रकात बत्तीस वनस्पती लिहिल्यात, मावशी."

"असतीन. चना बी वनस्पतीच होय."

मग त्या गंभीर झाल्या. "मी दवाखान्यात हावो. दवाई म्हनून इकशीन त मी तुया दाराशी उभी राहनार नाही. पीठ म्हनून इक."

सकाळी कामावर निघालेल्या त्याच बायकांसमोर त्यांनी परातीत डबा उपडा केला. "पीठ हाय. पान्यात कालवा, लेकरायले द्या. ताकद-बिकद काही नाही. पोट भरते."

पोट भरतं म्हटल्यावर घराघरातून वाट्या आल्या. भूक वाढवायला आलेला माल भूक भागवून चार दिवसांत संपत आला. भाव अर्थातच आरोग्याचा नाही, पिठाचा मिळाला. भाड्याला थोडे पैसे कमी पडले. दोन डबे उरले होते. ते मावशींनी आरोग्याच्या भावाने घेतले.

"आजकाल मले भूकच नाही लागत," म्हणाल्या. कालच माझ्या उंबऱ्यावर बसून, माझा मिरचीचा खर्डा संपवून, दोन भाकरी खाल्ल्या होत्या त्यांनी.

मी लग्नाला गेले. परतले तर कंपनीचं पत्र आलेलं: 'वेलीच्या वाढीबद्दल अभिनंदन, आरोग्यभगिनी!' नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "तुझ्या वेलीखाली कोण कोण आहे?"

"कोणी नाही. मीच मावशींच्या खाली आहे," म्हटलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

पुढे वाशीम सुटलं. निघताना निरोप घ्यायला गेले, तेव्हा मावशींच्या फडताळात ते दोन डबे तसेच होते, झाकणाची पट्टीसुद्धा न फोडलेले. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि विषय चहावर नेला.

एक दिवस मी वाशीमला उतरणार आहे. ते डबे आरोग्याच्याच भावाने परत घेणार आहे. तोवर पिठात किडे झाले असतील. झाले तर झाले, त्यांना तरी चूर्णाने भूक लागली म्हणायची. आणि मावशींसाठी भाकऱ्या नेणार आहे, खर्ड्यासकट. त्या पोटभर खाईपर्यंत त्यांच्या उंबऱ्यावरून उठणार नाही.